चांदी काळी पडली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची नळी आहे. कोरियातल्या तोंगयोंग बंदरावर मासळी विकणाऱ्या ओकसिमआजीच्या गळ्याला डॉक्टरांनी श्वासासाठी भोक पाडले आणि तिथे आम्हा दोघी बहिणींना बसवले. बाहेरची नळी जागची हलत नाही. मी आतली, मला रोज काढून उकळून धुवावे लागते. सूनबाई ते काम मनापासून करी. भोकावर बोट दाबले की आजीचा आवाज फुटे आणि जुनी गिऱ्हाइके तो ऐकायला मुद्दाम येत.

मग सूनबाई माहेरी गेली आणि मी आजीच्या मुलाच्या, ग्युचोलच्या, तावडीत सापडले. त्याचा मला अजून संताप येतो. त्याने मला हातसुद्धा लावला नाही. माझ्यात कफ वाळला, आजीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तर हा पठ्ठ्या टीव्हीचा आवाज वाढवी. वर तिच्या गळ्याला मफलर गुंडाळून म्हणे, "झाक ते, आई! लोकांना घास उतरत नाही." आजी रात्ररात्र बसून श्वास ओढी. थांब बेट्या, मी मनात म्हणे.

सणाच्या सकाळी आजीची बहीण पुनीमावशी येणार, म्हणून त्याने घाईघाईने मला अंडी उकडत होती त्याच पातेल्यात टाकले. अंड्यांच्या पाण्यात चांदी काळी पडते. मी काळी ठिक्कर झाले आणि मला फार आनंद झाला.

आमच्या कोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, चांदी काळी पडली म्हणजे विष! मावशी आणि बाकीचे नातेवाईक जेवायला बसले होते; त्याने मला पातेल्यातून बाहेर काढताच मावशी किंचाळली.

"मेल्या, जन्मदात्या आईला विष घालतोस?"

"मावशी, शप्पथ! अंडी होती, नुसती अंडी!"

"म्हणजे अंड्यातून घातलंस!"

नातेवाइकांनी हातातला घास खाली ठेवला. ग्युचोल आईकडे वळला. "आई, तू तरी सांग ना यांना!"

आजीने मफलर सोडला. अगदी सावकाश, घडी घालून बाजूला ठेवला. मग भोकावर बोट दाबले.

"विष नाही गं, पुनी," ती म्हणाली. "विष घालायलासुद्धा मेहनत लागते."

त्या दिवसापासून ग्युचोल मला रोज घासतो आणि आजी समोर बसून बघते. मित्रांनो, कुणाच्या श्वासाची वाट तुमच्या हाती आली तर तिची हेळसांड करू नका. आता मी पुन्हा लख्ख झाले आहे. फक्त आतल्या वळणाशी एक काळा डाग मी राखून ठेवला आहे. ग्युचोल तो घासून घासून दमतो. मी काही तो सोडत नाही.