बावीस सेकंदांचा थांबा

माझं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. सगळे मला ‘कात्री’ म्हणतात, तेही तोंडावर. आमच्या केबल चॅनलवर सकाळी आठला तीन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. सहा वर्षं त्याचं एडिटिंग मी करतेय. नको ते काढायचं, हवं ते जोडायचं, आणि मध्ये कुणी लुडबुड केली तर त्याला दार दाखवायचं.

कार्यक्रमाचा हिरो म्हणजे ढोल्या. राखाडी कापडाचा पाणघोडा, एक डोळा कोटाच्या बटणाचा, दुसरा त्याहून मोठ्या बटणाचा, कारण मूळ जोडी फुटली. त्याला हलवणारे काका साठीच्या पुढचे. गुडघ्यांखाली उशी घेऊन ते टेबलाखाली बसतात, हात वर करतात आणि ढोल्याच्या आवाजात बोलतात. दर भागात ढोल्या एकदा तरी थेट कॅमेऱ्यात बघून काहीतरी विचारतो, आणि मग गप्प बसतो. पोरांनी घरून उत्तर द्यावं म्हणून. याला आम्ही ‘थांबा’ म्हणतो. काका चांगले वीस-बावीस सेकंद थांबायचे. मी त्यातला एक सेकंद ठेवायची. टीव्हीवर वीस सेकंद काही घडलं नाही, तर लोकांना वाटतं केबल गेली.

काकांना हे ठाऊकच नव्हतं. आठला ते पुढच्या भागाच्या तयारीत असत आणि घरी टीव्ही लावत नसत. मंगळवारी ढोल्याचा कान सुटला म्हणून ते गोंद मागायला माझ्या खोलीत आले, आणि नेमका तेव्हा मी एक थांबा कापत होते.

“अगं, हे काय करतेस? पोरांचं बोलणं कापतेस तू!”

“कुठली पोरं? मला तर एक पाणघोडा दिसतोय, तोही मख्ख.”

“त्यांना बोलायला वेळ लागतो गं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “काका, तुम्ही तुमचा ढोल्या सांभाळा. माझ्या कामात नाक खुपसू नका.”

त्यांनी गोंदाची बाटली उचलली आणि ते निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं की मी आणखी चिडते, हा माझा स्वभाव. उरलेलं काम दणादण आटपलं, भाग पाठवून दिला आणि पर्स उचलून घरी गेले. मोठा थांबा मी नेहमी सगळ्यात शेवटी कापते. तो राहिला.

बुधवारी सकाळी ढोल्याने आख्ख्या गावाला विचारलं, “माझी टोपी कुठे गेली?” टोपी त्याच्याच पाठीमागे खुंटीवर. आणि मग बावीस सेकंद तो नुसता बघत राहिला.

साडेआठला साहेबांनी बोलावलं. “बावीस सेकंद! एवढ्यात लोक चार चॅनल फिरून येतात. शनिवारपासून आठ वाजता विकतचं कार्टून. तुमच्या काकांना सांगा, आता घरी आराम करा म्हणावं.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, चूक माझी आहे. त्यांना कशाला?”

“थांबतात ते, तुम्ही नाही. आणि अकराला हाच भाग पुन्हा लागतो, त्याआधी ते नीट करा.”

मी खोलीत येऊन बसले. कात्री माझी, आणि घरी बसणार काका! तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीने फोन जोडून दिला. एक आई तावातावाने बोलत होती. “तुम्ही दाखवता तरी काय हो? माझा मुलगा ‘मागे, मागे’ करून टीव्हीवर ओरडतोय, घसा बसला त्याचा!”

मी फोन ठेवला. घसा बसेपर्यंत? एका पाणघोड्यासाठी?

भाग नीट करायला मी हातच लावला नाही. अकराला पाच मिनिटं असताना साहेबांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, “खाली चला.” आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर आहे, चॅनलमधल्या लोकांची पोरं तिथे असतात. साहेब कुरकुरले, पण मी दारातून हलेना, तेव्हा आले बिचारे.

सतरंजीवर अकरा पोरं. कपाटावर टीव्ही. भिंतीला खाली, त्यांच्या हाताला येतील अशा खुंट्या, प्रत्येकीवर एक टोपी. सांभाळणाऱ्या मावशींनी आम्हाला गप्प राहण्याची खूण केली.

“माझी टोपी कुठे गेली?” ढोल्याने विचारलं.

एक सेकंद. काही नाही. पोरं टकामका बघतायत. इथेच मी दर वेळी कापायची. दोन, तीन. एकाने तोंड उघडलं आणि मिटलं. पाच सेकंदांनी एक पोरगा हळूच म्हणाला, “मागे.” दुसरीने टीव्हीकडे बोट केलं. आठव्या सेकंदाला सगळी उभी राहिली होती. “मागे! ढोल्या, मागे बघ! खुंटीवर!” कुणी उड्या मारतंय, कुणी स्वतःच मागे वळून दाखवतंय. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढी मोठी गोष्ट रोज घराघरांत घडू शकत होती, आणि मला तिचा पत्ताच नव्हता!

एक मुलगी मात्र बोलली नाही. सगळ्यात लहान, नाक वाहणारी. ती उठली, तुरुतुरु खुंट्यांपाशी गेली, टाचा उंचावून आपली पिवळी टोपी काढली, परत येऊन दोन्ही हातांनी ती ढोल्यासमोर उंच धरली आणि तशीच उभी राहिली.

बाविसावा सेकंद. ढोल्या हलला. “सापडली! थँक्यू हं!”

मुलीने मान हलवली, टोपी जागेवर नेऊन टांगली आणि येऊन बसली. तिला यात काहीही नवल वाटलं नव्हतं.

मी तिथेच भिंतीला टेकले. सहा वर्षं मी हे कापत होते.

साहेब बाहेर आले. मग घसा खाकरून म्हणाले, “बरं. पाच सेकंद ठेवा.”

“बावीस.”

“अहो बाई, दहा.”

“तिला खुंटीपर्यंत जाऊन यायला बावीस लागतात, साहेब. तुम्ही बघितलंत.”

त्यांनी एकदा पाळणाघराच्या दाराकडे पाहिलं. “ठीक आहे. कार्टून नऊला लावतो. पण पुन्हा मला असं ओढत आणू नका.”

मी धावत स्टुडिओ गाठला. काका टेबलाखालीच होते, ढोल्याचा कान नीट चिकटलाय का बघत. मी खाली वाकले. “काका, चुकले मी.” आणि सगळं सांगितलं, पिवळ्या टोपीसकट.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, बराच वेळ पुसला. “मी पोरांना कधी बघितलेलं नाही गं. इथून आपलाच हात दिसतो.”

“मग किती थांबायचं ते कसं कळायचं?”

“आम्ही सहा भावंडं, मी धाकटा. माझं उत्तर तयार होईपर्यंत सगळे जेवून उठलेले असायचे. तेवढं थांबतो.”

दुपारी पुढचा भाग रेकॉर्ड झाला. मी कधी नव्हे ते स्टुडिओच्या कोपऱ्यात उभी राहिले. ढोल्याच्या कानाला बूट अडकवलेला. “माझा बूट कुठे गेला?” त्याने विचारलं आणि दोन वेगवेगळ्या बटणांनी बघत राहिला. कॅमेरामनचा श्वास ऐकू येत होता. दहा. बारा. चौदा.

“अरे, कानावर आहे, गाढवा!” मी ओरडले.

टेक बोंबलला. कॅमेरामनने कपाळावर हात मारला. पण काकांनी हात खाली घेतला नाही. ढोल्या सावकाश माझ्याकडे वळला, त्याने कान चाचपला.

“सापडला,” तो म्हणाला. “थँक्यू हं.”

तो टेक मी कापला नाही.