समेटाचा रविवार

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ड्रम आला तेव्हा मी एका शब्दानेही विरोध केला नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणायचे, सरूबाई जुन्या वळणाची, तिला नवं काही सोसत नाही. फणफणले होते ते तात्यासाहेब, आमच्या पंचकमिटीतले सगळ्यांत जुने पंच. "देवाचं घर हाय का आर्केस्ट्रा?" म्हणत ते बैठकीतून उठून चालायला लागले. मीच त्यांना दारात अडवलं. म्हटलं, "तात्यासाहेब, शास्त्रात झांजा चालतात, दावीद राजा देवापुढं नाचला ते चालतं, मग ह्या पोरांच्या ड्रमनं काय घोडं मारलंय?"

मला त्यातलं एवढंच कळतं, की गाणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे ते बघायचं. देवाकडे असेल तर ढोलकी वाजवा, नाहीतर ताशा बडवा, माझं काही म्हणणं नाही. माणसांकडे असेल तर डोळे मिटून नुसती मान डोलावलीत तरी तो खेळच. इतकी वर्षं मी मंडळीत गीत उचलत आलेय. पाळकांनी गीताचा आकडा सांगितला की पहिली ओळ माझी, मागून सगळे. त्यामुळे लोक कुणासाठी गातात हे मला पाठमोरं बसूनही कळतं.

ड्रम आणणारा पाळक म्हणजे शांतवन, माझ्या धाकट्या बहिणीचा, भागूचा मुलगा. भागू पाचोडला दिलेली. तिथल्या शाळेत पोराचं काही होईना म्हणून तिने त्याला शहरात, उस्मानपुऱ्यात माझ्याकडे ठेवला. माझ्या हातची भाकरी खाऊन तो शिकला. माझी सुवार्ता आणि तो एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसायचे, एकाच ताटातलं ओढून खायचे. पुढे तो पाळक झाला आणि फिरत फिरत आमच्याच मंडळीवर नेमला गेला, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. खोटं कशाला बोलू?

भागूशी मात्र माझं बोलणं बंद होतं. ते का, तेही सांगते. सुवार्ताला लहानपणापासून फिट यायच्या. औषधाने जवळजवळ थांबल्या होत्या. ही गोष्ट घराबाहेर फक्त डॉक्टरांना आणि भागूला ठाऊक, कारण एकदा पाचोडच्या बाजाराच्या दिवशी सुवार्ताला फिट आली तेव्हा भागूनेच तिला मांडीवर धरलं होतं. पुढे लासूर स्टेशनचं स्थळ आलं. भली माणसं होती. चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचून झाली. मुलाला सगळं सांगायचं असं आम्हा मायलेकींचं ठरलेलं होतं, पण सुवार्ता म्हणाली होती, "आई, मी सांगीन. माझ्या तोंडानं." तिने तोंड उघडायच्या आधीच भागूने मुलाच्या आत्याला गाठलं आणि म्हणाली, "पोरगी लई गुणाची हाय, फकस्त फिट येत्यात, जरा जपा." जपणार कोण? दुसऱ्याच दिवशी निरोप आला. सुवार्ता पुण्याला निघून गेली, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स झाली. तिने लग्न केलं नाही. तिथे कुणाला तिच्या आजाराचं ठाऊक नाही आणि तिला ते तसंच हवं आहे. "मला कुणाची नजर नको आई," एवढंच ती म्हणते.

शांतवनची नेमणूक झाल्यावर भागूही त्याच्याकडे राहायला आली आणि दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसायला लागली. मला तिचा अंबाडा दिसायचा. मान कधी वळायची नाही.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, पाळक भाकर फोडतात आणि तुकड्यांचं ताट हातोहात बाकांवरून फिरतं. भाकर फोडण्याआधी आमच्यात समेट होतो. येशूने सांगितलंय ना, दान वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी सलोखा कर, मग दान दे. ते सगळे वाचतात, आम्ही करतो. सगळे गुडघे टेकतात, मान खाली घालतात, बाया पदर नाकापर्यंत ओढतात. वाजंत्री नाही, गाणं नाही. ज्याच्याकडून चूक झाली त्याने उठायचं, ज्याचा अपराध केला त्याच्यापाशी जायचं आणि हळू म्हणायचं, "माझ्याकडून झालं. मोकळं कर." समोरच्याने म्हणायचं, "मोकळं केलं." बस. काय झालं होतं ते बोलायचं नाही. कोण उठलं, कुणापाशी गेलं, ते कुणी बघायचं नाही.

ही रीत पोलीस ॲक्शननंतरची. रझाकारांच्या धामधुमीत कुणी कुणाचं नाव सांगितलं, कुणी कुणाला दार उघडलं नाही, असल्या गोष्टींनी तेव्हा अर्धी मंडळी एकमेकांचं तोंड बघत नव्हती. त्या वेळच्या पाळकांनी भाकर फोडणंच थांबवलं. म्हणाले, आधी एकमेकांपाशी जा. आणि ज्याच्यापाशी कुणी यायला हवं होतं आणि आलं नाही, त्याने भाकरीचं ताट पुढे द्यायचं नाही, आपल्या मांडीवर धरून बसायचं. येणारा येईपर्यंत ताट थांबायचं. एकदा म्हणे दुपार झाली, पण कुणी हललं नाही. शेवटी एक जण रडत रडत उठला. काय अपराध होता ते त्याच्या नातवंडांनाही आजतागायत ठाऊक नाही.

तर ड्रमच्या बैठकीनंतर शांतवन माझ्या घरी आला. बायपासवर हॉल घेऊन जी नवी मंडळी निघाली होती, तिकडे आमची तरुण पोरं चालली होती. पंच त्याच्या विरोधात होते. "मावशी, तू बोललीस तर ते ऐकत्यात," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बोलते. ड्रम आण, दिवे आण, पडदा लाव, फोनवर दाखव. पण समेटाला हात लावायचा नाही."

"तुझी शपथ, मावशी."

"शपथ नको, शास्त्रात मना हाय. व्हय म्हण नायतर नाय म्हण."

"व्हय," तो म्हणाला. मग त्याने माझ्या हातचा चहा प्यायला आणि जाताना कपही विसळून ठेवला. असा गुणी.

मी पंचांची समजूत घातली. गर्दी वाढली. पोरं परत आली, त्यांच्या मागे त्यांच्या मैत्रिणी आल्या. गीत उचलायचं काम माझ्याकडून हळूच निघून गेलं, आता ते स्टेजवरची चार पोरं करायची. त्याचंही मी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं थोडं, पण समेट शाबूत होता. दर पहिल्या रविवारी मी मान खाली घालून कान टवकारून बसायचे. पावलं यायची, जायची. भागूची नसायची. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. ताट धरून तिला सगळ्यांसमोर उठवावं असं कधी वाटलं नाही, मला तिच्यावर विजय नको होता. आम्ही दोघीच उरलो होतो, माहेरचं तिसरं माणूस नव्हतं. मला माझी बहीण हवी होती.

त्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. मधल्या वाटेत एक कॅमेरा घेऊन कुणी उभा होता, पण तो हल्ली असायचाच. शांतवनने समेटाला बोलावलं. आम्ही गुडघे टेकले. सगळं शांत झालं. आणि मला पुढच्या बाकाची करकर ऐकू आली.

भागूची पावलं मी ओळखते, तिचा डावा पाय लहानपणी विहिरीच्या पायरीवर मोडला होता. ती माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या पदराला पाचोडच्या घरचा चुलीचा वास अजून होता, की मला तसं वाटलं, कोण जाणे. "अक्का," ती म्हणाली, "माझ्याकडनं झालं. मोकळं कर."

सगळी वर्षं त्या एका क्षणात गळून पडली. मी तिचा हात धरला, तोंड उघडलं, आणि डोळ्यांवर उजेड आला.

"एक मिनिट, आई."

मी वर बघितलं. कॅमेरा माझ्या तोंडापाशी होता आणि शांतवन हातात माईक घेऊन भागूपुढे वाकला होता. "पुन्हा म्हण, आई. माईकमधे. पहिल्यांदा आवाज आला नाय. आन् काय झालतं तेबी सांग, लोकांना कळायला पायजे ना."

मागे कुणीतरी की-बोर्डवर हळू सूर धरला. भागूने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि सांगायला लागली. सगळं. सुवार्ताचं नाव, तिच्या फिट, लासूरचं स्थळ, मुलाची आत्या. जे तिने तेव्हा एका बाईच्या कानात सांगितलं होतं, ते आता दोन्ही भिंतींवरच्या स्पीकरमधून सगळ्या चर्चने ऐकलं. पडद्यावर आमची दोघींची तोंडं दारांएवढी दिसत होती. बाया रडत होत्या. कुणी "हालेलुया" म्हणालं, मग टाळ्या सुरू झाल्या.

शांतवन कॅमेऱ्याकडे वळला. "आणि आज पुण्याहून आमची सुवार्ताताई लाइव्ह बघतेय! ताई, मी तुला म्हणालो होतो ना, मैत्रिणींना घेऊन बघ, आज तुझ्या आईसाठी आनंदाची गोष्ट आहे? बघ, देवाने काय केलं!"

त्याच्या तोंडी एकदम शुद्ध भाषा आली होती. मैत्रिणींना घेऊन. तिच्या वॉर्डातल्या, तिच्यासोबत रोज डबा खाणाऱ्या मुली. सुवार्ताने तिकडे पडद्यासमोर बसून कुणाकडे बघितलं असेल? एकाच दिव्याखाली अभ्यास केलेला पोरगा. सुवार्ताला कुणाची नजर नको, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यालाच तर ठाऊक होतं.

तो माईक घेऊन स्टेजकडे गेला तेव्हा भागू माझ्या कानाशी लागली. "आता झालं ना अक्का तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं?"

"शांतवन म्हणला, तूच सांगितलंस म्हणून. समद्यांदेखत, समदं सांगून माफी मागंल तरच मोकळं करीन म्हणलीस. मी कवाच येणार व्हते अक्का, पण इतक्या लोकांत माझी हिंमत व्हईना."

"भागू," मी म्हटलं, "मी असं कधीच बोलले नाय."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर तोंडावर धरला. तिचाच मुलगा. मला राग आला तो नुसता माझ्यासाठी नव्हता. त्याने आमच्या दोघींच्या मधली वर्षं उचलून स्टेजवर मांडली होती आणि भागूला माझ्या नावाने फसवलं होतं. आणि माझ्यापाशी येऊन "व्हय" म्हणाला होता.

त्याने भाकर फोडली. ताटं निघाली. आमच्या बाकावर ताट माझ्याकडे आलं, तेव्हा मी तुकडा घेतला नाही आणि ताट पुढेही दिलं नाही. मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. शेजारी भागूनेही हात पुढे केला नाही.

स्टेजवरच्या पोरांचं गाणं संपलं. त्यांनी तेच पुन्हा सुरू केलं. नवीन आलेल्यांना काय चाललंय ते कळेना, जुनी माणसं मात्र ओळखून होती. तात्यासाहेब पुरुषांच्या बाजूला उभे राहिले आणि हात जोडून तसेच थांबले. हळूहळू सगळ्या माना शांतवनकडे वळल्या. त्याला समजलं. हे मी त्याच्या बाजूने सांगते, त्याला लगेच समजलं.

तो खाली उतरला. वाट लोकांनी करून दिली. माझ्यासमोर त्याने गुडघे टेकले, अगदी लहानपणी दप्तराचा पट्टा शिवून घ्यायला बसायचा तसे. "मावशी," तो म्हणाला, "माझ्याकडून झालं. मोकळं कर."

त्याचा आवाज भिंतींवरून आला. कॉलरला छोटा माईक होता.

क्षणभर मला वाटलं, करून टाकावं. त्याचे डोळे भरले होते. ते खरे होते की काय, कसं सांगू? मी म्हटलं, "शांतवन, आधी तो माईक काढ." हेही भिंतींवरून आलं.

त्याचा हात कॉलरकडे गेला. तिथे पोहोचला. आणि त्याने मान थोडी वळवली, पडद्याकडे, आपण दोघं तिथे कसे दिसतोय ते बघायला. हात कॉलरवरून परत आला आणि दुसऱ्या हाताशी जोडला गेला. "मावशी," तो पुन्हा म्हणाला. ह्या वेळी आवाज जास्त ओला होता. मग त्याने डोकं माझ्या गुडघ्याला लावलं, ताटाच्या अगदी कडेला.

सगळं चर्च उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बघणाऱ्यांना वाटलं, मी त्याला मोकळं केलं.

मी केलं नव्हतं. ताट मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, आणि सुवार्ता तिकडे बघत असेल तर तिला तरी माझे हात दिसोत, एवढंच माझ्या मनात होतं.