गावाबाहेरची झोपडी

मी एक जुने गोष्टींचे पुस्तक आहे. मूर्तिजापूरजवळच्या एका शाळेच्या कपाटात पडून असते. मित्रांनो, जुनी पुस्तके वाळवीच्या आणि फाटक्या पानांच्या तक्रारी सांगतात. माझे एकही पान फाटलेले नाही, आणि माझे दुःख तेच आहे.

१९५८ साली मी अमरावतीहून पत्र्याच्या पेटीतून इथे आले. रंगीत चित्रांचा मला भारी तोरा होता. राणी दुधासारखी गोरी. चेटकीण तव्यासारखी काळी, आणि तिची झोपडी गावाबाहेर एकटीच. हे असेच का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. शाळेत दुसऱ्या कुणालाही पडला नाही.

दर शनिवारी उत्तमराव गुरुजी माझ्यातली गोष्ट मुलांकडून नाटकासारखी करवून घेत. त्यांची एक रीत होती. माझे पान उघडे धरायचे, चित्राकडे बघायचे, मग मुलांच्या तोंडांकडे बघायचे आणि कोण काय होणार ते ठरवायचे. माणूस मायाळू होता. यात काही चुकते आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

चौथीतल्या मैनाने एकदा मला घरी नेले. तिचे घर नाल्यापलीकडे, बौद्ध वस्तीत. घरात वाचता येणारी ती पहिलीच. तिला शनिवारी राणी व्हायचे होते, म्हणून तिने राणीचे सगळे बोलणे तोंडपाठ केले. मग आईला, इंदूबाईला, गोष्ट वाचून दाखवली. इंदूबाई डाळ निवडता निवडता कौतुकाने ऐकत होती. 'गावाबाहेर एक दुष्ट चेटकीण राहत असे,' हे वाक्य आले तसे तिचे हात थांबले.

"गावाबाहेर म्हन्जे आपल्यावानी का वं?" तिने साधेपणाने विचारले.

मैनाने पेन्सिल घेतली. त्या एकट्या झोपडीशेजारी दोन घरे काढली, एक विहीर काढली, एका दारात बाई काढली. चेटकिणीला शेजार दिला. मला फार बरे वाटले.

शनिवारी गुरुजींनी राणीचे चित्र पाहिले, मैनाकडे पाहिले.

"मैना, तू चेटकीण हो. तुहा आवाज खणखणीत हाय."

"गुरुजी, मले रानीचं सारं पाठ हाय."

"अवं, पन रानी चित्रात कशी हाय, पाह्य नं."

पोरे हसली. मैना उभी राहिली आणि चेटकीण झाली. एवढ्या खणखणीत आवाजाची मुलगी, पण तिचे एक वाक्य पुढच्या रांगेलाही ऐकू गेले नाही.

नंतर गुरुजींना ती पेन्सिलीची घरे दिसली. पुस्तक खराब केले म्हणून ते तिला रागावले, आणि रबराने सगळे पुसून काढले. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी मला चाळून शेरा दिला, 'पुस्तके उत्तम जपली आहेत.'

मैनाने पुन्हा शाळेतले पुस्तक नेले नाही. पुढच्या वर्षी ती शाळेतच दिसली नाही. कापूस वेचायला जाते, असे मुले म्हणत. त्यात माझा वाटा किती, मला ठाऊक नाही. होता, एवढे ठाऊक आहे.

मित्रांनो, मला पुठ्ठा घाला, माझे कोपरे मोडू नका, असे मी सांगणार नाही. मला जपणारे पुष्कळ भेटले. तुम्ही गोष्ट वाचताना एवढेच बघा, तिच्यात गावाबाहेर कोणाला ठेवले आहे. आणि एखाद्या मुलीने तिथे पेन्सिलीने घर काढले, तर ते पुसू नका.