नाईसचा जुना अर्थ

शाळेच्या ग्रंथालयात अगदी खालच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश पडून होता. वाळवीने त्यातली ए आणि बी ही अक्षरं पार फस्त केली होती, त्यामुळे तो थेट सीपासून सुरू व्हायचा. नववीपर्यंत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या नीरजाला दहावीत ह्याच शब्दकोशाने बोलती केली. त्यात शब्दांचे जुने अर्थ होते, आणि ते वाचताना तिला इतकं हसू यायचं की इंग्रजीची भीती कुठल्या कुठे पळाली.

'नाईस' म्हणजे पूर्वी चक्क बावळट! 'सिली' म्हणजे पुण्यवान! आणि 'प्रिटी' म्हणजे सुंदरबिंदर काही नाही, लबाड. कावेबाज.

ही गंमत तिने एकाच मुलीला सांगितली. दर्शनाला. बालवाडीपासून दोघी एका बाकावर.

"कोणाला बोललीस तर बघ हां!"

"गळ्याशप्पथ गो," दर्शना गळा चिमटीत धरून म्हणाली.

मग काय, दोघींना मोकळं रान मिळालं. त्यांचे रिक्षावाले विनोदकाका रोज भाट्याच्या पुलावर कोणाशी ना कोणाशी भांडायचे. भांडण आटपलं की नीरजा मागून म्हणायची, "काका, यू आर सो नाईस!" काका खूश होऊन आरशात मिशी ठीकठाक करायचे आणि दर्शना दप्तरात तोंड खुपसून खुदखुदायची.

एकदाच काय तो नीरजाने हा शब्द सरळ मनाने वापरला. शिक्षकदिनाला तिने इंग्रजीच्या सुमेधा मॅडमसाठी कार्ड केलं, त्यावर लिहिलं, 'टू अवर नाईसेस्ट टीचर'. दर्शना शेजारीच बसून रंग भरत होती.

"कुठला गो नाईस? जुना की नवा?"

"नवा! मॅडमना कोण बावळट म्हणेल, मेले?"

नंतर चिपळूणच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मॅडमनी नीरजाचं नाव दिलं. शाळेतून एकच जागा, आणि विषय तिच्या आवडीचा, वाचनाची गोडी. दर्शना राखीव. रोज मधल्या सुट्टीत जांभ्या दगडाच्या कुंपणावर उभी राहून नीरजा हात उडवत भाषण म्हणायची, दर्शना खाली बसून ऐकायची. ऐकून ऐकून तिचंही पाठ झालं. नीरजाला त्याचा आनंदच वाटायचा. आपण कुठे अडलो तर सांगायला आहे कुणीतरी.

शनिवारी स्पर्धा होती. गुरुवारी मॅडमनी नीरजाला शिक्षकखोलीत बोलावलं. टेबलावर ते कार्ड होतं.

"नीरजा," चष्म्यावरून बघत मॅडम म्हणाल्या, "यू आर व्हेरी नाईस."

थँक्यू तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. मॅडम हसत नव्हत्या. नाईसचा जुना अर्थ अख्ख्या शाळेत दोघींनाच माहीत होता. त्यातली एक ती स्वतः.

"मॅडम, मी आजच्या अर्थाने लिहिलं होतं. शप्पथ."

"आणि विनोदकाकांना रोज म्हणतेस ते? कुठल्या अर्थाने?"

शब्द तोच, बोलणारी तीच.

"शनिवारी दर्शना जाईल," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते कार्ड दोन बोटांनी उचलून नुसतं परत दिलं.

दर्शना नळावर बाटली भरत होती.

"तू सांगितलंस?"

"त्यांनीच विचारलं, रिक्षात काय हसता म्हणून."

"आणि कार्डाचं? त्यांनी कार्डाचं विचारलं होतं?"

बाटली भरून वाहायला लागली. दर्शनाने नळ बंद केला नाही.

"तू त्यांना बावळट म्हणालीस, असं सांगितलंस ना? मी नवा म्हटलं होतं, दर्शने. तू विचारलंस, मी सांगितलं."

"मला काय माहीत गो तुझ्या मनातलं?" दर्शना पायांकडे बघत म्हणाली. मग हळूच, "तू दर वेळी पुढे असतेस. मी आपली खाली बसून ऐकायची."

नीरजाला वाटलं, कोणीतरी आपल्याला त्या कुंपणावरून ढकललंय.

शनिवारी सकाळी गाडीपाशी वर्गातल्या मुली जमल्या. दर्शनाने इस्त्रीचा गणवेश घातला होता, वेणीत अबोली माळली होती. हातात भाषणाचे कागद, नीरजाच्या अक्षरातले. सगळ्या ऑल द बेस्ट म्हणाल्या. नीरजा येणारच नाही अशी पैज लागली होती, पण ती आली. सरळ दर्शनाच्या खिडकीशी गेली.

"दर्शना," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यू आर सो प्रिटी."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सुमेधा मॅडमचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा निवळला. "शाब्बास नीरजा," त्या म्हणाल्या. त्यांना शब्दकोशातल्या एनच्या पानापलीकडचं कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

दर्शनाचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. तिने काच वर केली.

गाडी लाल धूळ उडवत फाटकाबाहेर गेली. आपण जिंकलो असं वाटून घ्यायचा नीरजाने फार प्रयत्न केला. काय नेमका शब्द लागला होता! ती हसून शेजारी वळली, कोपर मारायला. शेजारी कोणी नव्हतं. हा विनोद जिला कळला असता ती एकुलती एक मुलगी चिपळूणच्या गाडीत बसून निघून गेली होती.