टोर्बेनची टोपी

"लेझरचा संरक्षक चष्मा काढला होतास?" टोर्बेनने दार लावून घेत विचारलं.

"काढल्याशिवाय किरण शोधायच्या कार्डावरचा ठिपका दिसतो का कधी? तू नाही काढत?" विब्के पुठ्ठ्याच्या टोपीला गोंद लावत म्हणाली. "आणि आरसा सैल ठेवून जेवायला कोण गेलं होतं?"

टोर्बेन स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

ल्यूनबाखच्या विद्यापीठाच्या तळघरात विब्के तरुणपणापासून एकच काम करत आली होती. न दिसणारा लेझर आरशांवरून वळवत सूक्ष्मदर्शकात नेऊन सोडायचा. तिथे तो इलेक्ट्रॉनांच्या सलग धारेचे इवलेसे तुकडे पाडतो, आणि त्या तुकड्यांनी अणूंची थरथर टिपता येते. काल टोर्बेनच्या डॉक्टरेटच्या परीक्षेसाठीचं शेवटचं मोजमाप जुळवताना किरण त्या सैल आरशावरून उसळला आणि तिच्या उजव्या डोळ्यात शिरला. दुखलं मुळीच नाही; फक्त नजरेच्या मधोमध एक करडा डाग उरला. पण डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावरच होती.

"आज कळवलंस तर चौकशी बसेल, इथे टाळं लागेल," टोर्बेन काकुळतीला आला. "माझी डॉक्टरेट लटकली म्हणून समज. शुक्रवारी परीक्षा आहे, तोवर कळ काढ ना गं. मग मीच नेतो तुला दवाखान्यात."

"डोळा माझा, आणि घाई तुझी!"

तरीही ती न कळवता थांबली. परीक्षा पार पडली की गमतीची टोपी घालायची इथली रीत, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरेटवाल्याची टोपी तिनेच केली होती; पोरं तिला आपली वाटत. पुढे तिला याच गोष्टीचा सर्वांत जास्त राग आला.

शुक्रवारी सकाळी मात्र तिला राहवेना. ती एकटीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई बराच वेळ तपासत राहिल्या.

"त्याच दिवशी का नाही आलात? सूज उतरवायला काही करून बघता आलं असतं. आता मधला डाग राहणार."

"कायमचा?"

"हो."

दुपारी टोर्बेनची परीक्षा झकास पार पडली. अंगणात बिअरचे ग्लास वर झाले आणि रिवाजाप्रमाणे विब्केने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. कडेने इवलेसे आरसे होते आणि गोंड्याच्या जागी लेझरचा जुना चष्मा लोंबत होता. सगळे खो खो हसले. टोर्बेन तेवढा हसला नाही.

"सोमवारी जाऊया ना दवाखान्यात?" तो हळूच म्हणाला.

"जाऊन आले."

"मग? काय म्हणाले?"

विब्केने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे करडा डाग होता, आणि त्याच्या वर आरसे चमकत होते.

"टोपी छान बसलीय," ती म्हणाली.