रस्ता पाहायला आलेले पाहुणे

लग्नानंतर भूपेंद्र पाटील यामिनीला घेऊन थायलंडच्या एका बेटावर गेला होता. समुद्र त्यानं पाहिला तो विमानातूनच. बाकी सगळा वेळ नारळीच्या बागांमधून उघडी बग्गी पळवण्यात आणि चिखल उडवण्यात गेला. यामिनीनं कितीही केस धुतले तरी कानातून माती निघतच होती. भूपेंद्र मात्र परतला तो डोक्यात चिखल घेऊनच.

गावी, लोणखेड्याला आल्यावर त्यानं तसलीच एक जुनी बग्गी मिळवली. लोखंडी पाइपांचा पिंजरा, जाडजूड चाकं, ना दार ना काच. ओट्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, भिकनआप्पांनी ती नीट न्याहाळली.

"चिखलमा बसाले लोके येतीन? मंग आपला वावरमा काय कमी शे?"

"आप्पा, तो येगळा चिखल ऱ्हास," भूपेंद्र म्हणाला.

तो वेगळा चिखल त्याला तोरणमाळच्या तलावापलीकडे सापडला. तिथून एका पाड्याकडे उतरणारा रस्ता असा होता, की बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकत. गुडघाभर खड्डे, मधे ओढा, ओढ्यापुढे निसरडी चढण. भूपेंद्रचा जीव जडला. मोबाइलवर त्यानं जाहिरात टाकली: 'सातपुड्यातल्या सगळ्यात वाईट रस्त्यावर एक दिवस.' भादवा सरता सरता नाशिकचं एक जोडपं तयार झालं.

पाड्याचा कारभारी सुरुपसिंग. न सांगता त्याच्या दारात पाहुणे नेणं बरं दिसेना, म्हणून भूपेंद्र आधी जाऊन भेटला.

"दादा, रविवारी नाशिकचे पाहुणे आणतोय. खास तुमचा रस्ता पाहायला येताहेत."

सुरुपसिंगला खरं वाटेना. "आमचा रस्ता?"

"मुद्दाम त्याच्यासाठीच."

"आणा मग," सुरुपसिंग म्हणाला आणि लगबगीनं आत गेला.

रविवारी राजेंद्र आणि रिना आले. राजेंद्रचं नाशकात मोबाइलचं दुकान होतं. रिना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होती. चिखल फोटोत उठून दिसावा म्हणून तिनं ते मुद्दाम घेतले होते. भूपेंद्रनं दोघांना हेल्मेटं चढवली, पट्टे आवळले आणि दोनदा बजावलं, "घट्ट धरा. जीव मुठीत धरावा लागेल."

बग्गी पाड्याच्या रस्त्याला लागली आणि भूपेंद्रला वाटलं, आपण वाट चुकलो. एक खड्डा जागेवर असेल तर शपथ! सगळीकडे मुरूम भरून चोपलेला, कडेनं पाण्याला चर काढलेले. ओढ्यात सपाट दगड असे बसवलेले, की चाकं ओली झाली तेवढीच. चढण तर खळ्यासारखी सारवली होती. बग्गी पाळण्यासारखी डुलत वर गेली. राजेंद्रला डुलकी लागली.

"भाऊ, चिखल पुढे आहे का?" रिनानं विचारलं.

"आहे ना, आहे," भूपेंद्र म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पुढे होता तो ढोल. अख्खा पाडा वस्तीच्या तोंडाशी उभा होता. सुरुपसिंगनं राजेंद्रच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. सुरुपसिंगच्या तळहातांना फोड आले होते.

"कसा आहे रस्ता?" त्यानं भूपेंद्रला हळूच विचारलं. "सगळं घर कामाला लागलं होतं. म्हटलं, पाहुण्यांच्या कमरेला धक्का नको."

भूपेंद्रला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? त्यानं गाडी वळवली आणि सरळ खालच्या पाणथळ कुरणात घातली. बग्गी दोन हिसके देऊन पोटापर्यंत रुतली. चिखलाचा फवारा तिघांच्या डोक्यावरून गेला. रिना आनंदानं किंचाळली आणि फोन काढू लागली.

पाड्याला ते किंचाळणं वेगळंच ऐकू गेलं. माणसं दोर घेऊन धावली, बैल आले, बघता बघता गाडी बाहेर. सुरुपसिंगची बायको कमलीबाई रिनाला हाताला धरून झऱ्यावर घेऊन गेली. पहिला फोटो निघायच्या आत रिनाचं तोंड धुऊन झालं होतं. तिला कोरडं लुगडं नेसवून कमलीबाईनं कपडे दगडावर आपटले आणि उन्हात घातले. मग मक्याची भाकर, उडदाची डाळ. निघताना कपडे सकाळपेक्षा पांढरे होते.

सुरुपसिंग राजेंद्रपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, रस्ता पाहिला. आता पक्का करून द्या."

राजेंद्र गोंधळला. दुकानात उधारीवाल्याला द्यायचं तेच उत्तर त्याच्या तोंडून निघालं, "बघतो. बघतो."

पाड्यानं माना डोलावल्या. रस्ता पाहायला येणारा प्रत्येक साहेब हेच म्हणून जात असे; म्हणजे हा साहेब खरा होता. भूपेंद्रनं मान खाली घालून गाडी सुरू केली.

दोन दिवसांनी राजेंद्रनं जाहिरातीखाली अभिप्राय लिहिला: 'रस्ता उत्तम. स्वच्छता उत्तम. आई-वडिलांना घेऊन जरूर जा.' चिखलवाल्यांचे फोन बंद झाले. उलट शहाद्याच्या एका भजनी मंडळानं विचारलं, गुडघेदुखीवाल्यांना जमेल का?

भूपेंद्रला काही गोड लागेना. शेवटी तो एकटाच पाड्यावर गेला.

"दादा, ते साहेब नव्हते. खड्डे पाहायला आले होते. खड्ड्यांत मजा येते लोकांना."

सुरुपसिंगनं हे आपल्या बोलीत घरात सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग कमलीबाई हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सुरुपसिंग हसला नाही.

"मग आमचं काम फुकट गेलं?"

भूपेंद्र अंगणात उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाजाराच्या दिवशी गाडी रिकामीच असते, दादा."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी बग्गी पाड्याची. मागे चारोळीची पोती, उडदाची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. पुढे कमलीबाई, हेल्मेट घालून. ते काढून ठेवा म्हटलं तर ती ऐकत नाही. आणि चढणीवर भूपेंद्रनं जरा जोर लावला, की त्याच्या खांद्यावर बोट आपटून म्हणते, "हळू."