कुंकू नको, जाळी लावा

मी लूमवरचा धोटा बोलतोय. तोंड मिटून राहावं, असं मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून बोलतोय. माणसांना ते लहानपणीच शिकवतात.

मी लाकडाचा आहे. दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात धाग्याची कांडी. लूमच्या एका बाजूला पिकर असतो, तो मला फटका मारतो. मी उभ्या धाग्यांमधून सुटतो आणि मागे आडवा धागा सोडत पलीकडे पोचतो. तिथला पिकर मला परत हाणतो. असा मार खात गेलो की कापड तयार होतं. याचं मला काही वाटत नाही, मी लाकूड आहे. ज्यांना वाटायला हवं होतं त्यांनाही वाटत नाही, हे मात्र मला इथे आल्यावर कळलं.

इथे म्हणजे सुरतेत, नवागामजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात. मला पहिल्यांदा लूमवर चढवलं ते शालिग्रामने. अमळनेरकडचा माणूस, अर्धं आयुष्य याच शेठकडे गेलेलं. पाळी सुरू करताना तो मला कपाळाला लावायचा. शेठ आला की लूमच्या आवाजातही वाकून नमस्कार करायचा. शेठचं लक्ष नसलं तरी करायचा. या म्हाताऱ्या कारागिरांच्या मनात भीती मुक्कामाला आहे, आणि तिला ते इमान म्हणतात.

त्याचा पोरगा ललित नववीतून शाळा सोडून बापाच्या शेजारच्या लूमवर आला. हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. "आबा, शेठला इतकं वाकू नका, पाठीचं ऑपरेशन तो करणार नाही," असं म्हणायचा. शालिग्राम म्हणायचा, "तू गप ऱ्हाय. आपुन त्याना मीठ खाधं शे."

पूर्वी लूमच्या दोन्ही टोकांना तारेची जाळी असायची. मी चुकून उडालो तर तिच्यावर आपटून खाली पडायचो. तुटलेला धागा जोडताना जाळी आड येते, वेळ जातो, म्हणून शेठने सगळ्या जाळ्या काढायला लावल्या. काढल्या कुणी? याच म्हाताऱ्यांनी. पाने-पक्कड घेऊन बसले आणि दुपारभरात काढून दिल्या.

मग माझ्या, म्हणजे शालिग्रामच्या, लूमचा पिकर झिजला. ललितने मास्तरला, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या प्रवीणला, सांगितलं. "दिवाळीनंतर बदलू," प्रवीण म्हणाला. ललितने पुन्हा सांगितलं. "तुला काय, धोट्याशी लग्न करायचंय का?" प्रवीण म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले.

त्या दिवशी झिजलेल्या पिकरने मला तिरका फटका मारला. मी धाग्यांतून न जाता लूमबाहेर उडालो. समोर, शेजारच्या आपल्या लूमवर, ललित वाकून धागा जोडत होता. आवाज ऐकून त्याने मान वर केली.

त्याचा डावा डोळा गेला.

मला उचलून, पुसून, तासाभरात पुन्हा लूमवर चढवलं. शेठने दवाखान्यात सफरचंदं पाठवली आणि काचेचा डोळा बसवून देण्याचा शब्द दिला. ललितची आई उषाबाई दवाखान्यातून थेट कारखान्याच्या गेटवर आली आणि शेठच्या गाडीपुढे उभी राहिली. शालिग्रामनेच तिला हाताला धरून बाजूला केलं.

डोळ्यावर पट्टी घेऊन ललित आला, आणि सगळ्या पोरांनी हँडल खाली करून लूम बंद केल्या. मागणं सरळ होतं. प्रत्येक लूमला जाळी लावा, आणि कारागिराने 'लूम खराब आहे' म्हटलं की ती दुरुस्त होईपर्यंत चालवायची नाही. म्हातारेही बाहेर बसले. मनातून नाही, पोरांच्या लाजेने.

पहिल्यांदाच मी शांतता ऐकली. माझ्यावर कापसासारखी धूळ बसली. उंदीर निवांत फिरले. गेटबाहेरचं बोलणं आत ऐकू यायचं.

"एका डोळ्यापायी अख्खा कारखाना आंधळा केलात," प्रवीण म्हणाला.

"मग तुमचा एक काढून द्या मास्तर," वाल्मिक नावाचा कारागीर म्हणाला. "आत्ता चालू करतो."

शेठ मऊ पडत चालला होता. जाळीवाल्याला बोलावून त्याने मापंही घेतली होती. माप घेणाऱ्याची पट्टी माझ्या लूमला लागली होती, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. पूजेशिवाय लूम राहिली तर वर्षभर घरात सुख नाही, असं ही माणसं मानतात. शेठला हे त्यांच्याहून चांगलं माहीत. त्याने निरोप पाठवला, गेट उघडं आहे, फक्त पूजेला या, नारळ माझा.

"पूजा गेटवर करा," ललित म्हणाला. "धोटे बाहेर आणू."

"धोटा भायेर आनि लूम आत? देव असा तोडतस का?" शालिग्राम म्हणाला.

"आबा, आत गेलात तर तुम्ही बाहेर येणार नाही."

"वरीसना सण शे, बेटा. पूजा करसू आनि येसू."

सगळे म्हातारे आंघोळ करून, टोप्या घालून आत आले. शालिग्रामने माझ्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. हळद लावली. कुंकू लावताना त्याचं बोट माझ्या पुढच्या अणीपाशी थांबलं. ही अणी कुठे लागली होती, ते त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, आता हा मला जमिनीवर आपटेल. त्याने कुंकू लावलं आणि हात जोडले.

पूजेनंतर मुहूर्ताचं वीतभर कापड विणायचं, ही इथली रीत. सगळ्यात जुना कारागीर पहिलं हँडल ओढतो. शालिग्रामने ओढलं. पाठोपाठ बाकीच्यांनी.

वीतभर झालं. कुणाचा तरी हात थांबवायला हँडलकडे गेला, तेव्हा शेठ हात जोडून मध्ये आला. "मुहूर्तावर चालू झालेलं हाताने बंद करशो? चालू रेवा दो. बीमवरचा उभा धागा संपे तोवर तरी. अपशकुन होईल, शालिग्रामभाई."

एकाही हाताने हँडल खाली केलं नाही. शेठला घाबरत असते तर एखादा तरी चिडला असता. ते अपशकुनाला घाबरले.

खाडखाड बाहेर ऐकू गेली. बाहेर बसलेल्यांना वाटलं, मिटलं वाटतं. काहींना वाटलं, फुटले. दोन्हीचा परिणाम एकच. एकेक जण खाली मान घालून आत येऊ लागला. वाल्मिकही आला.

शेवटी ललित आला. बापाच्या समोर, लूमच्या पलीकडे उभा राहिला.

"आबा, खाली करा."

शालिग्रामने मान वर केली नाही. तो धाग्याकडे बघत राहिला, एकही धागा तुटलेला नसताना. मी दोघांच्या मधून जात होतो, येत होतो. पोटात नवी, भरलेली कांडी होती. थांबायचं कारण माझ्याकडेही नव्हतं.

"मी परत सांगणार नाही, आबा."

त्याने परत सांगितलं नाही. वळला आणि गेला.

जाळ्या आल्या नाहीत. सण झाल्यावर बघू, मग दिवाळी झाल्यावर बघू, मग कुणी विचारलंच नाही. माझा पिकर तेवढा बदलला. ललित आता सुरतेतच, पर्वत पाटिया भागात, कापडाचे गठ्ठे टेम्पोत चढवतो, तिथेच कुणाच्या तरी खोलीवर राहतो. उषाबाई त्याचा डबा घेऊन जाते. पूजेच्या नारळाचा प्रसाद तिने त्या दिवशी नवऱ्यासमोर मोरीत टाकला होता, असं प्रवीण हसत सांगत होता.

शालिग्राम अजून माझ्या लूमवर आहे. कुणाशी बोलत नाही. पूर्वी नव्या माणसाला तो एक गोष्ट आधी सांगायचा, लूमच्या टोकाशी तोंड करून उभं राहू नको, जरा बाजूला राहा. सगळे म्हातारे असेच बाजूला उभं राहून जगलेत, आणि याला अनुभव म्हणतात. पण आता तो तेवढंही सांगत नाही.

गेल्या आठवड्यात हिंगोलीहून आनंदा नावाचा माणूस आलाय. ललितच्या जागी. बायको, लेकरं गावाला. आत्ता तो वाकून धागा जोडतोय, तोंड बरोबर माझ्या वाटेवर.

मला कुंकू नको, फूल नको. मला अडवायला काहीतरी लावा, आणि ते लागेपर्यंत निदान त्याला कुणीतरी सांगा. मला फक्त जाता येतं आणि परत येता येतं.

पाळी सुरू झाली. शालिग्रामने मला कपाळाला लावलं, लूमवर ठेवलं. स्वतः एक पाऊल बाजूला सरकला. हँडल ओढलं.